दहा एकराखालचं पाणी

हॉरेस टेबटने आयुष्यात पाणसळ वापरली नाही. चर खणून झाला की तो तळाशी अर्धी बादली पाणी ओतायचा आणि ओणवा होऊन बघायचा. पाणी एखाद्या जागी थबकलं तर तिथली माती चमचा-दोन चमचे खरवडायची. पुन्हा पाणी. पुन्हा बघायचं. पाणी न थांबता पार टोकाला गेलं की मग नळ टाकायचे. घाई करणाऱ्या मुकादमाला तो म्हणायचा, "मला काय विचारता, पाण्याला विचारा."

हे काम त्याला बापाकडून मिळालं होतं. इंग्लंडातल्या थर्लबरो गावाच्या आसपासची जमीन म्हणजे निव्वळ चिकणमाती. पाऊस पडला की पाणी वरच राहतं आणि गहू मुळाशी कुजतो. म्हणून प्रत्येक शेताखाली तीन फुटांवर भाजलेल्या मातीचे नळ टाकलेले असत. हातभर लांबीचे, मुठीएवढ्या तोंडाचे, एकापुढे एक नुसते टेकवून ठेवलेले. सांध्यातून पाणी आत झिरपतं आणि उतारावरून ओढ्याला जातं. टेबट बापलेकांनी तीस वर्षांत गावाभोवतीची जवळजवळ सगळी शेतं अशी कोरडी केली. त्याचा नकाशा कोणी काढला नाही. बाप गेल्यावर तो फक्त हॉरेसच्या डोक्यात राहिला.

तो जन्मला तेव्हा थर्लबरोत सात हजार माणसं होती, बुटांचे अकरा कारखाने होते आणि दर बुधवारी गुरांचा बाजार भरायचा. आज चाळीस हजारांच्या वर माणसं आहेत. बूट एकही होत नाही. गुरांच्या बाजारात गाड्या उभ्या राहतात. बाहेरच्या वळणरस्त्याला गोदामं आहेत. हे सगळं टेबटांच्या नळांवर उभं आहे आणि ते कोणाला ठाऊक नाही.

वाढ सुरू झाली ती आमच्यामुळे. लंडनमध्ये घरं पुरेनात, तेव्हा सरकारने माणसं अशा गावांकडे पाठवायला काढली. नोकरी घ्या, घर घ्या. १९६४ च्या वसंतात मी बायकोला घेऊन लंडनच्या बर्मंडसीहून आलो. वय एकतीस. इथले लोक आम्हाला 'सांडलेले' म्हणत, म्हणजे लंडन भरून उतू गेलं त्यातले. तोंडावर म्हणत. बेकरीतली बाई पाव देताना विचारायची, "इथलेच, की सांडलेले?"

वसाहतीचं पहिलं काम दहा एकर नावाच्या शेतावर चाललं होतं. इथल्या लोकांची एक टोळी, आमची एक. चहासुद्धा वेगवेगळ्या डब्यांत. हॉरेस इथल्यांच्या टोळीत होता. सत्तेचाळीस वर्षांचा, बुटका, कमरेत वाकलेला. तो कधी बसलेला दिसला नाही, पण धावलेलाही नाही.

ऑगस्टमध्ये इथे एक रीत होती. बुटांचे सगळे कारखाने पंधरा दिवस एकदम बंद व्हायचे आणि अख्खं गाव यारमथला समुद्रावर जायचं. दुकानं बंद, पाववाला बंद, न्हावीसुद्धा तिकडेच. समुद्रावर शेजारी तेच, भांडणंही तीच. शुक्रवारी बारा वाजता भोंगा झाला की बाराच्या ठोक्याला हातातलं काम खाली.

त्या शुक्रवारी साडेअकराला शेवटच्या घराच्या पायाचा चर खणताना हॉरेसच्या फावड्याला नळ लागला. दहा एकरातला मुख्य नळ, सगळ्या शेताचं पाणी नेणारा. पायाच्या चराने त्याचे दोन तुकडे झाले. नियम असा की फुटलेलं तोंड उघडं सोडायचं नाही. घराला वळसा घालून नवा नळ टाकायचा आणि वरचं तोंड खालच्या तोंडाला जोडायचं. दोन माणसांचं दीड दिवसाचं काम. बस एक वाजता सुटणार होती आणि त्याची बायको मेबल ट्रंक घेऊन चौकात उभी होती. हॉरेसने वरच्या तोंडात चिकणमातीचा बोळा ठोकला, शेजारी हेझलच्या झुडपाची एक काठी रोवली आणि गेला. फुटलेल्या नळाशी हेझलची काठी म्हणजे 'हात लावू नका, काम बाकी आहे'. इथल्या प्रत्येक मजुराला ते माहीत होतं.

आम्ही इथले नव्हतो. आम्हाला यारमथही नव्हतं. सोमवारी आमच्या टोळीला त्या चरात काँक्रीट ओतायला लावलं. काठी माझ्या ढकलगाडीच्या वाटेत येत होती. मी ती उपटली, विजारीला पुसली आणि आठवडाभर आम्ही तिनेच चहा ढवळला. तिचा अर्थ मला नंतर कळला.

हॉरेस परतला तेव्हा पाया सुकून दगड झाला होता. मुकादमाला तो काही बोलला नाही. बोलला असता तर पाया फोडावा लागला असता आणि शुक्रवारी अर्धवट काम टाकून गेलो हे सांगावं लागलं असतं. उन्हाळा कोरडा होता. इतर बारीक नळ पाणी वाहून नेतील असं त्याने धरलं.

महिन्याभराने दोन्ही टोळ्या एक झाल्या आणि मला त्याच्या हाताखाली दिलं. पहिल्या दिवशी त्याने माझं फावडं हातात घेतलं, पातं बघितलं आणि परत दिलं.

"लंडनात माती असते का रे?"

"असते की."

"कोण म्हणतो? वर फरश्या घालून ठेवल्यात तुम्ही. हे पातं घासून आण. याने मी लोणीसुद्धा कापणार नाही."

त्या दिवसापासून माझं नाव लंडन पडलं. अठरा वर्षं आम्ही एका चरात काम केलं. दिवसाला किती यार्ड झाले ते तो कधी विचारायचा नाही, पण चराच्या कडेला रेघ ओढल्यासारखी धार नसेल तर बोटाने दाखवायचा. घरं वर टेकडीपर्यंत चढली. जी झाडं तोडली त्यांची नावं कौन्सिलने रस्त्यांना दिली. हॉरेसने ती कधी वापरली नाहीत. माणसं कुठे राहतात ते तो शेतांच्या नावांनीच सांगायचा. नव्या पोस्टमनने एकदा त्याला पत्ता विचारला आणि पुन्हा कधी विचारला नाही.

त्या शेवटच्या घरात, चौदा नंबरमध्ये, आयव्ही गॉच राहायची. बैठं घर, कौन्सिलचं, भाड्याचं. मागे गुलाब. ती बुटांच्या कारखान्यात चामडं शिवायची. कारखाना बंद पडला, नवरा गेला, ती एकटी राहिली. जिभेने तिखट बाई. ऐंशीच्या दशकात टेकडीवर आणखी घरं झाली, तिथले बारीक नळ यंत्रांनी उखडले, आणि वरचं सगळं पाणी दहा एकराच्या मुख्य नळाकडे वळलं. तो तर बंद. १९९१ च्या हिवाळ्यात आयव्हीच्या मागच्या खोलीत भिंतीला वीतभर उंचीपर्यंत ओल आली. पुढच्या वर्षी गुडघ्यापर्यंत. गालिचा काळा पडला. तिचा खोकला जाईना.

कौन्सिलचा साहेब आला. भिंतीला ओल मोजायची एक डबी टेकवली, काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "ही ओल बाहेरची नाही, बाई. तुमच्या राहण्याची आहे. किटली, धुणं, श्वास. खिडक्या उघड्या ठेवा."

"मी एकटी आहे, साहेब. किती श्वास घेणार?"

"तरी पण थोडं..."

"थोडा कमी घेऊ म्हणता? सांगा किती. वाटून घेते दिवसभरात."

फेब्रुवारी त्र्याण्णवमध्ये पत्र आलं. घर राहण्यालायक नाही. मार्चअखेर तिला स्टेशनजवळच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर हलवणार. घराला फळ्या ठोकणार.

हे मी हॉरेसला सांगितलं ते त्याच्या भाजीच्या वाफ्यावर. तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा. मेबल जाऊन चार वर्षं झाली होती. माझ्या गुडघ्याने मला वर्षभरापूर्वीच घरी बसवलं होतं. तो कोबीच्या ओळीत उभा होता. ऐकलं आणि फावडं जमिनीत रोवलं.

"चौदा नंबर म्हणजे दहा एकराचं वरचं टोक ना?"

"हो."

"तो नळ मी बंद केलाय."

एवढंच. हात पुसले आणि कुंपणाकडे गेला. तिथे झुडपाखाली मातीचे जुने नळ रचून ठेवले होते, साठेक तरी. एकेक उचलून नखाने वाजवू लागला. चिरलेला नळ बद्द वाजतो.

"कधी सुरू करायचं?" मी विचारलं.

"खालचा ओढा कधी बुजवणार आहेत?"

ते मला माहीत होतं. दहा एकराचं पाणी खाली ज्या ओढ्याला पडायचं, तिथे नव्या गोदामाचं अंगण होणार होतं. यंत्रं येऊन थांबली होती. सोमवारी बुजवणार होते. नळाचं खालचं तोंड एकदा मातीखाली गेलं की वर काहीही केलं तरी पाण्याला वाट नव्हती.

तो दिवस बुधवार होता.

गुरुवारी सकाळी आठला आम्ही आयव्हीच्या दाराशी. हॉरेसने टोपी काढली.

"मिसेस गॉच, तुमची बाग खणायचीय."

"का? पुरायचंय कोणाला?"

"एक नळ आहे खाली. तो बंद आहे, म्हणून तुमच्या घरात पाणी येतं."

"कौन्सिल म्हणतं माझ्या श्वासाने येतं."

"कौन्सिलचा साहेब तेव्हा इथे नव्हता. मी होतो." तो थांबला. "मीच बंद केलाय तो. चौसष्ट साली. यारमथची बस गाठायची होती."

आयव्ही खोकली. खोकला संपेपर्यंत तो तसाच उभा होता.

"दोन हिवाळे मी रात्रीची उठून खिडक्या उघडत्येय," ती म्हणाली. "माझंच काही चुकतंय म्हणून."

"हो."

"हो काय म्हणता?"

"चूक माझी आहे, म्हणून हो."

"गुलाब तोडलेत तर बघा," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. पाच मिनिटांनी चहा आला. एक कप माझा. हॉरेसला नाही.

नळ शोधायचा कसा? दहा एकराच्या कोपऱ्यात पूर्वी एक ॲशचं झाड होतं. त्याचा बुंधा अजून टेलिफोनच्या खोक्यामागे आहे. बुंध्यापासून ओढ्याच्या वळणाकडे तोंड करून अठ्ठेचाळीस पावलं, मग डावीकडे नऊ. बापाने सांगितलेलं. हॉरेस चालला, टाच टेकवली, आणि आम्ही खणायला लागलो. मुख्य नळ इथे जास्त खोल होता. साडेतीन फूट चिकणमाती. फावडं मारलं की ती धरून ठेवते, ओढून सोडवावं लागतं. माझा गुडघा पहिल्या तासात सुजला. साडेतीन फुटांवर काही नाही. चार फुटांवर नाही. डावीकडे दोन फूट रुंद केलं, उजवीकडे दोन फूट. अंधार पडायला आला तेव्हा बागेत थडग्याएवढा खड्डा होता आणि त्यात काही नव्हतं.

हॉरेस कडेला बसला. मी त्याला बसलेला पहिल्यांदा बघितला.

"विसरलो की काय, लंडन?"

आयव्ही मागच्या दारात उभी होती. "सापडलं?"

"नाही," तो म्हणाला.

"मग मी सामान बांधायला घेऊ?"

हॉरेसने फावड्याचं पातं पुसून ठेवलं.

शुक्रवारी सकाळी तो पुन्हा बुंध्यापासून चालत येताना मी मागून बघत होतो. त्याची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांपुढे दीड वीतच जात होती. जुन्या चिखलात त्याचे बूट कसे पडायचे ते मी अठरा वर्षं बघितलं होतं.

"हॉरेस, थांब. पावलं आखूड झालीत तुझी."

"कोणाची?"

"तुझी. म्हातारा झालायस. सत्तेचाळीसचा होतास तेव्हा तू यार्डभर टाकायचास. आता दोन फूट आणि वर थोडं."

तो स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. आधी चिडला. मग म्हणाला, "टेप आहे का तुझ्याकडे?"

टेप मी आणली होतीच. कालचा खड्डा बारा यार्ड वरच्या अंगाला पडला होता. मोजून जिथे खूण केली ती जागा घराच्या भिंतीला लागून, गुलाबांच्या मधोमध आली. आयव्हीने स्वतः दोन झाडं मुळासकट काढून बादलीत ठेवली. साडेतीन फुटांवर फावडं टणकन वाजलं. हॉरेस पोटावर झोपला आणि हाताने माती काढली. लाल नळ. तोंडात बोळा, त्यावर त्याच्या अंगठ्याचे ठसे. बोळ्याच्या कडेने पाणी झिरपत होतं, बर्फासारखं.

"काढू?" मी विचारलं.

"खालची वाट झाल्याशिवाय नाही."

शनिवार-रविवार घराच्या बाजूने चर. नऊ यार्ड, पुढच्या गवताच्या पट्टीपर्यंत. गवत कौन्सिलचं. परवानगी मागितली असती तर उत्तर उन्हाळ्यात आलं असतं. रविवारी चर्चमधून परतणारी माणसं थांबून बघत होती. एकाने विचारलं, "काय चाललंय?" हॉरेस म्हणाला, "चौसष्टचं काम." पट्टीखाली नळाचं खालचं तोंड मिळालं. आत मुळं आणि गाळ. ओढ्याकडून काठ्या एकमेकींना जोडून मी वर ढोसत गेलो. सापडलं ते काढलं, पण रस्त्याखाली मधेच काहीतरी मऊ लागत होतं आणि ते हलत नव्हतं.

रविवारी संध्याकाळी चरात बादली ओतली. पाणी एका जागी थबकलं. मी म्हणालो, "एवढं चालेल." त्याने चमचा उचलला. खरवडलं, पुन्हा ओतलं. तिसऱ्यांदा पाणी गेलं. मग नळ लावले. त्या दिवशी त्यालाही चहा मिळाला.

सोमवारी सकाळी साडेसातला मी ओढ्यात उभा होतो. गोदामाच्या कामावरचा मुकादम डेक्लन नावाचा आयरिश गडी होता. यंत्र धडधडत होतं.

"काका, बाहेर या. माती टाकायचीय."

"इथून पाणी येणार आहे."

डेक्लनने नळाच्या तोंडाकडे बघितलं. ते कोरडं होतं. "कधी? ईस्टरला?"

"आता वर उघडतायत. थोडं थांब."

"काका, मला वर उत्तर द्यावं लागतं. कुठलं पाणी, कशावरून?"

"निळं असेल. बाईंनी कपड्यांची नीळ दिलीय. बादलीभर कालवून ओततायत. निळं आलं म्हणजे चौदा नंबरचंच."

तो हसला. यंत्रावरच्या माणसाला म्हणाला, "चहा घे. चहा संपला की सुरू कर."

वर हॉरेसने बोळा काढला तो मला दिसला नाही. आयव्हीने नंतर सांगितलं की पाणी असं सुटलं की त्याची बाही खांद्यापर्यंत भिजली. इकडे मात्र नळ कोरडाच. पाच मिनिटं. दहा. यंत्रावरच्या माणसाने कपातला उरलेला चहा झटकला आणि वर चढला. डेक्लन म्हणाला, "काका, खरंच आता." मी नळाच्या तोंडाला कान लावला. आत कुठेतरी खरखर होत होती. मग गाळाचा एक काळा गोळा बाहेर पडला, मागून मुळांचा जुडगा, मागून लाल पाणी मनगटाएवढं. यंत्र पुढे सरकलं. डेक्लनने हात वर केला आणि ते थांबलं. आम्ही दोघं वाकून बघत होतो. लाल, तपकिरी, मातकट. आणि मग निळं.

"आयला," डेक्लन म्हणाला. टोपी मागे सारली. "हे तोंड मी पुढच्या गटारापर्यंत आणतो. पाईप पडलेत माझ्याकडे. माती नंतर."

मी लंगडत वर गेलो. हॉरेस भिजलेल्या बाहीने चराच्या कडेला उभा होता.

"निळं?"

"निळं."

त्याने मान हलवली आणि फावडं उचललं. चर बुजवायचा बाकी होता. गवताचे काढलेले चौकोन परत त्याच जागी, त्याच दिशेने बसवायचे होते. ते करता करता मी एकोणतीस वर्षं पोटात ठेवलेलं बोललो.

"हॉरेस, ती काठी. चौसष्टची. ती मी उपटली होती."

"माहितीये."

"माहितीये? कसं?"

"तुमच्या चहाच्या डब्यात होती. मी कापलेली काठी मी ओळखणार नाही?"

"आणि अठरा वर्षं बोलला नाहीस?"

"काय बोलायचं? काठी रोवणं हे काम नव्हतं. नळ फिरवून आणणं हे काम होतं." त्याने एक चौकोन टाचेने दाबला. "हा उलटा बसवलायस. काढ."

भिंत सुकायला सप्टेंबर उजाडला. मार्चअखेर कौन्सिलचा साहेब आला तेव्हा ओल चार बोटं उतरली होती. त्याने मुदत वाढवली. मग शरदात पत्र आलं. लिहिलं होतं की भाडेकरूने खिडक्या उघड्या ठेवण्याच्या सूचना नीट पाळल्यामुळे घर आता कोरडं आहे, सबब हलवण्याचा आदेश रद्द. आयव्हीने ते आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं. वाचताना एकदाच खोकली.

"लिहू का त्यांना खरं काय ते?" तिने विचारलं.

"कशाला?" हॉरेस म्हणाला. "पाणी जातंय ना?"

"जातंय."

"मग खिडकी लावा. गार लागतंय."

१९९९ च्या नोव्हेंबरात तो गेला. आयव्ही आणखी सात वर्षं त्याच घरात राहिली. तिथे आता एक तरुण जोडपं आहे. नवऱ्याने मला एकदा विचारलं की समोरच्या गवतात मी काठी का ठोकतो. सांगितलं, खाली नळ आहे, इथे खणू नका, झाड लावू नका. त्याने ते लिहून घेतलं.

हेझलची काठी तीन वर्षांत जमिनीलगत कुजते. मी आतापर्यंत सात बदलल्या. आठवी कापून ठेवलीय.